गुदमरून जन्मलेल्या वासराच्या फुप्फुसात नेमकं काय घडतं?

प्रश्न पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "प्राणवायू कमी पडला की मेंदूच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, मग फुप्फुसाच्याच का आवळतात? हे जर सगळ्याच जनावरांत होतं, तर नुकत्या जन्मलेल्या वासराला त्याचा एवढा धोका का? अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलं, ऑक्सिजन लावला, जीभ गुलाबी झाली आणि तासाभराने पुन्हा निळी पडली. ऑक्सिजन तर चालूच होता."

प्रश्न तीन दिसतात, उत्तर एकाच जागी आहे. तुमच्या वासराच्या फुप्फुसात ऑक्सिजन पोहोचत होता, पण बरंचसं रक्त तिथे पोहोचत नव्हतं. शरीरातून परत आलेलं काळपट रक्त फुप्फुसाला बगल देऊन सरळ महाधमनीत मिसळत होतं, असा माझा तर्क आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत, कधी पहिल्या काही दिवसांतही, पिल्लाचं रक्ताभिसरण गर्भातल्या वाटांवर परत जाऊ शकतं. त्याला तिकडे ढकलणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कमी प्राणवायू आणि रक्तातली आम्लता यांची जोडी. हे समजायला पोटातल्या पिल्लापासून निघावं लागतं.

या विषयातलं आपलं बरंचसं ज्ञान मेंढीच्या कोकरावरून आलं आहे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा, कोकराचं वजन माणसाच्या बाळाच्या जवळपास, आणि गर्भाशय उघडून नळ्या बसवल्या तरी ती बहुधा गाभण राहते. म्हणून प्रयोगशाळांनी मेंढी निवडली. गर्भात हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे दोन्ही जवनिका, मिळून जेवढं रक्त बाहेर टाकतात, त्यातलं जेमतेम ८ ते १० टक्के कोकराच्या फुप्फुसातून फिरतं. बाकीच्याला दोन आडवाटा असतात. एक, दोन कर्णिकांमधलं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं, झडपेचं भोक, म्हणजे फोरामेन ओव्हेल. दुसरी, फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी डक्टस आर्टिरिओसस ही नळी. वायूंची देवाणघेवाण वारेतून होत असल्याने फुप्फुसात रक्त पाठवून काही साधणार नसतं. फुप्फुसं पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात, त्यांच्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड स्नायूंच्या असतात आणि त्या घट्ट आवळलेल्या असतात.

गर्भाच्या धमनीतल्या रक्तात प्राणवायूचा दाब असतो २० ते २५ मिमी पारा. मोठ्या जनावरात एवढा आकडा आला तर आपण धावपळ करू. गर्भाचं मात्र त्यात व्यवस्थित भागतं, कारण त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरतं आणि हृदय वजनाच्या मानाने भरपूर रक्त फिरवतं. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की हा कमी दाब स्वतःच फुप्फुसाच्या धमन्या मिटून ठेवायला मदत करतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो इथल्या संशोधकांनी गाभण मेंढ्या उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवल्या. गर्भातल्या कोकराने एकही श्वास न घेता त्याच्या रक्तातला प्राणवायू वाढला आणि दिवस भरत आलेल्या कोकरांत फुप्फुसाचा रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढला. सुमारे १०० दिवसांच्या गर्भात मात्र तसं काही झालं नाही. प्राणवायूला प्रतिसाद देण्याची धमन्यांची क्षमता गर्भकाळाच्या शेवटच्या टप्प्यात तयार होते, असा त्याचा अर्थ. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं पिल्लू दुहेरी अडचणीत का असतं, हे यावरून लक्षात येईल. त्याच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारं द्रव्य, कमी असतंच, शिवाय धमन्याही अर्धवट शिकलेल्या असतात.

आता पहिला श्वास. ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कोकराचं फुप्फुस हवेने फुगवलं की त्यातल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिरोध झपाट्याने कोसळतो. पण यात काम कशाचं, फुगण्याचं की प्राणवायूचं? १९६४ मध्ये त्यांच्या गटाने हे वेगळं करून पाहिलं. रक्तातले वायू बदलणार नाहीत असं मिश्रण देऊन फुप्फुस नुसतं फुगवलं, तरी प्रतिरोध उतरला. मिश्रणात प्राणवायू वाढवला, आणखी उतरला. कार्बन डायऑक्साइड कमी केला, त्यानेही उतरला. म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिशेने काम करतात: फुगणं, प्राणवायू येणं आणि कार्बन डायऑक्साइड जाणं. गोठ्यात मी जे काही करतो ते या तिघांपैकी कशासाठी आहे, हे मी दरवेळी मनात ठेवतो. नळकांड्याला नळी जोडली की काम झालं, असं समजणाऱ्याला फक्त मधली गोष्ट आठवत असते.

हे तिन्ही जमलं की फुप्फुसाचा रक्तप्रवाह आठ-दहा पटींनी वाढतो. डाव्या कर्णिकेत परतणारं रक्त वाढतं, तिथला दाब उजवीपेक्षा वर जातो आणि फोरामेन ओव्हेलची झडप बंद होते. डक्टसची गंमत वेगळी आहे. तिच्या भिंतीतले स्नायू प्राणवायू वाढला की आवळतात, कमी झाला की सैल पडतात. शेजारच्या फुप्फुसधमनीच्या बारीक फांद्या नेमक्या उलट वागतात. एकाच रक्ताला चार बोटांच्या अंतरावरच्या दोन रक्तवाहिन्यांनी विरुद्ध उत्तर द्यायचं, ही रचना गर्भासाठी फार सोयीची आहे. जन्मल्यावर प्राणवायू कमी पडला तर तीच रचना अंगावर उलटते, कारण फुप्फुसाची वाट मिटते आणि आडवाट उघडते.

धमनी सैल होण्याच्या कामात अस्तराच्या पेशींचा वाटा मोठा आहे. या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवतात, ते भिंतीतल्या स्नायूत शिरतं आणि सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवून त्याला सैल करतं. डेन्व्हरमध्ये स्टीव्हन एबमन यांच्या गटाने १९९० मध्ये कोकरांत नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती औषधाने रोखली. जन्माच्या वेळी फुप्फुसाचा रक्तप्रवाह जेवढा वाढायला हवा तेवढा वाढलाच नाही. प्रोस्टासायक्लिन हे धमनी सैल करणारं दुसरं द्रव्यही मदतीला असतं. ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की नायट्रिक ऑक्साइड बनवायला प्राणवायू हाच कच्चा माल लागतो. तोच कमी असेल तर आवळण्याचा आदेश चालू राहतो आणि सैल करणारा पुरवठाही आटतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. स्टॉकहोममध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांत मोजून दाखवलं की कमी प्राणवायूची हवा दिली की फुप्फुसधमनीतला दाब चढतो. त्यामागचा हेतूही त्यांनी ओळखला होता. मेंदूचं किंवा हृदयाचं काम प्राणवायू वापरण्याचं, म्हणून तो कमी पडला की तिथल्या वाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त ओढून घेतात. फुप्फुसाचं काम प्राणवायू गोळा करण्याचं. ज्या कोपऱ्यात हवा नाही तिथे रक्त पाठवलं तर ते जसं गेलं तसंच काळं परत येणार. पीक नसलेल्या वाफ्याचं दार पाटकरी बंद करतो आणि पाणी पुढच्या वाफ्याला वळवतो, तसंच हे. निमोनियाने फुप्फुसाचा एक तुकडा घट्ट झाला की तिथल्या धमन्या आवळतात, रक्त चांगल्या भागाकडे जातं आणि जनावर तग धरतं. मोठ्या जनावरात ही यंत्रणा रोज नकळत उपयोगी पडते.

पेशीच्या आत घडतं ते असं. धमनीच्या स्नायूपेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांना, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांना, प्राणवायू घटल्याचं कळतं. पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे काही मार्ग बंद होतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आवळतो. जोडीला ऱ्हो-कायनेज नावाचं विकर स्नायूला कॅल्शियमसाठी अधिक हळवं करतं, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियममध्ये आवळण जास्त घट्ट बसते. सुरुवात काही सेकंदांत होते आणि काही मिनिटांत ती पुरती चढते. यात मज्जातंतूंची गरज नाही. शरीराबाहेर काढून रक्त फिरवत ठेवलेलं फुप्फुसही हेच करतं. मायटोकॉन्ड्रिया नेमका कोणता निरोप पाठवतात यावर संशोधकांत अजून वाद आहेत. गोठ्यातल्या कामाला त्याने फरक पडत नाही, म्हणून पुढे जातो.

एका कोपऱ्यासाठी शहाणी असलेली ही यंत्रणा सगळं फुप्फुस एकदम हवेविना राहिलं तर आत्मघाती ठरते. वळवायला दुसरा वाफाच नसतो. सगळ्या धमन्या एकदम आवळतात आणि उजव्या जवनिकेसमोर भिंत उभी राहते. मोठ्या जनावरात उजवी जवनिका पातळ असते, ती थकते, पण निदान रक्ताला दुसरी वाट नसल्याने ते फुप्फुसातूनच जातं. नवजातात तीन गोष्टी वेगळ्या असतात. धमन्यांची स्नायूची भिंत अजून गर्भातल्यासारखी जाड असते, त्यामुळे आवळ जोरदार बसतो. गर्भात मोठा भार वाहिलेली उजवी जवनिका दणकट असते, त्यामुळे ती बराच दाब तयार करू शकते. आणि दोन्ही आडवाटा नुसत्या लोटलेल्या असतात, कडी लागलेली नसते. फुप्फुसधमनीतला दाब महाधमनीच्या दाबाच्या वर गेला की रक्त डक्टसमधून निघून जातं, उजव्या कर्णिकेतला दाब डावीच्या वर गेला की फोरामेन ओव्हेलमधून. असं रक्त फुप्फुस न पाहताच शरीरात मिसळतं, धमनीतला प्राणवायू आणखी घटतो, आवळ आणखी वाढतो. चक्र स्वतःला चालवत राहतं.

या चक्रात आम्लता काय करते, ते दाखवणारा प्रयोग वासरांवरच झालेला आहे, आणि माझ्या मते प्रत्येक पशुवैद्यकाने त्याचा आलेख एकदा तरी पाहावा. एब्राहम रुडॉल्फ आणि स्टॅनली युआन यांनी १९६६ मध्ये नवजात वासरांत प्राणवायू आणि पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं रक्त आम्ल) हे दोन्ही वेगवेगळे बदलून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिरोध मोजला. पीएच ७.४ च्या आसपास असताना प्राणवायूचा दाब साधारण ५० मिमी पाऱ्याच्या खाली जाईपर्यंत प्रतिरोध फारसा हलत नाही. त्याखाली मात्र तो चढत जातो. पीएच ७.१ च्या आसपास आणला की चित्र बदलतं. प्राणवायू बऱ्यापैकी असतानाच प्रतिरोध चढायला लागतो, आणि प्राणवायू कमी झाल्यावर तो एकदम उसळतो. म्हणजे दोन वासरांच्या रक्तात प्राणवायू सारखाच असला तरी ज्याचं रक्त आम्ल, त्याचं फुप्फुस बंद.

अडलेल्या गाईच्या वासराकडे आता या नजरेने पाहा. सुरळीत जन्मलेल्या वासराच्या रक्तातही पहिल्या मिनिटांत थोडी आम्लता असते, कारण नाळेवर कळांचा दाब येतोच. ती काही तासांत निवळते. पण वासराचं डोकं बाहेर आणि कंबर अडकलेली, नाळ दाबलेली, छाती फुगायला जागा नाही, असा बराच वेळ गेला की दोन प्रकारचं आम्ल साठतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, ते एक. प्राणवायूविना चाललेल्या पेशी लॅक्टिक आम्ल बनवतात, ते दुसरं. पहिलं श्वास नीट सुरू झाला की काही मिनिटांत उतरू शकतं. दुसरं उतरायला काही तास लागतात आणि त्यासाठी रक्त फिरावं लागतं, लघवी व्हावी लागते, यकृत चालावं लागतं. पीएच ७.० च्या खाली गेलेलं वासरू जन्मताना जिवंत असलं तरी पहिले दोन दिवस माझ्या नजरेखालून हलत नाही.

तुमच्या वासराची जीभ गुलाबी होऊन पुन्हा निळी का पडली, याचा उलगडा इथे होतो. ओढून काढल्यावर चोळण्याने, थंड पाण्याने, ऑक्सिजनने त्याने काही जोरदार श्वास घेतले. धमन्या थोड्या सैल झाल्या, जीभ सुधारली. मग ते दमलं. नवजात पिल्लाची आणखी एक खोड अशी की प्राणवायू कमी पडला तर ते सुरुवातीला जोरात श्वास घेतं आणि थोड्याच वेळात उलट मंदावतं. मोठ्या जनावरासारखं ते धापा टाकत राहत नाही. श्वास मंदावला, कार्बन डायऑक्साइड साठला, पीएच उतरला. त्यात ते बहुधा ओल्या अंगाने एका कुशीवर पडून होतं, खालचं फुप्फुस दबलेलं. धमन्या पुन्हा आवळल्या, आडवाटा उघडल्या. नाकातल्या नळीतून ऑक्सिजन येतच होता, पण तो ज्या रक्ताला भेटायचा ते दुसरीकडून जात होतं.

नळीतला ऑक्सिजन वाढवूनही रंग किंवा ऑक्सिमीटरचा आकडा हलत नसेल, तर आडवाटेचा संशय घ्यायचा. फुप्फुसाचाच दोष असेल तर ऑक्सिजन वाढवल्यावर थोडा तरी फरक दिसतो. आडवाट मोठी असेल तर दिसत नाही. सोय असेल तर आणखी एक निरीक्षण करता येतं. महाधमनीतून डोक्याकडे जाणाऱ्या फांद्या डक्टसच्या आधी फुटतात, म्हणून रक्त डक्टसमधून निसटत असेल तर जिभेचा रंग बरा आणि मागच्या भागाचा, म्हणजे योनीच्या किंवा शिश्नाच्या आतल्या त्वचेचा, निळसर असा फरक दिसू शकतो. मिसळ कर्णिकांमध्ये होत असेल तर सगळंच सारखं निळं असतं. हा फरक दरवेळी स्पष्ट दिसत नाही, पण बघायला पैसे लागत नाहीत.

सगळ्या जातींत हे सारखं घडतं का? नाही, आणि आपलं दुर्दैव असं की गाईगुरं यात सर्वांत पुढे आहेत. प्रजातींची तुलना केली तर वासरू आणि डुक्कर यांच्यात हा आवळ सर्वांत जोरदार, मेंढी आणि कुत्रा यांच्यात बराच सौम्य. त्याला दोन कारणं जोडली जातात. पहिलं, गुरांच्या फुप्फुसातल्या बारीक धमन्यांची स्नायूची भिंत मुळातच जाड आहे. दुसरं मला जास्त पटतं. कुत्र्याच्या फुप्फुसात शेजारच्या कप्प्यांत हवा आडव्या मार्गांनी जाऊ शकते. गाय आणि डुक्कर यांच्या फुप्फुसाचे कप्पे जाड पडद्यांनी वेगळे केलेले आहेत. एका कप्प्याची नळी चोंदली की त्याला शेजाऱ्याकडून हवा मिळत नाही. म्हणून त्यांना रक्त वळवण्यावरच भिस्त ठेवावी लागते आणि त्यांची यंत्रणा अधिक तिखट असते. कुत्रीची पिल्लं सिझेरियननंतर बराच वेळ निपचित असूनही सावरताना तुम्ही पाहिली असतील. त्याची कारणं अनेक आहेत, पण हेही त्यातलं एक असावं.

कमतरता तासांची नसून आठवड्यांची असेल तर काय, याचं उत्तर डोंगरांनी दिलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर गुरांची गळ्याखालची पोळी आणि छातीचा पुढचा भाग सुजायचा, पोटात पाणी व्हायचं आणि ती मरायची. ग्लोव्हर आणि न्यूसम यांनी १९१५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. ब्रिस्केट डिसीज या नावाने तो ओळखला जातो. उंचीवरच्या विरळ हवेने धमन्या सतत आवळलेल्या राहतात, भिंती जाड होतात, उजवं हृदय थकतं आणि पाणी साचतं. आजही तिथे उंचावर ठेवायच्या वळूंच्या फुप्फुसधमनीतला दाब मानेच्या शिरेतून नळी घालून मोजतात. सरासरी ४१ मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर धोका कमी, ४९ च्या वर असेल तर तो वळू पैदाशीसाठी ठेवत नाहीत, कारण हा दोष पुढच्या पिढीत उतरतो.

नवजातांबाबत याच भागातलं काम सर्वांत बोलकं आहे. कर्ट स्टेनमार्क आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक-दोन दिवसांची वासरं ४,३०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेच्या कक्षात दोन आठवडे ठेवली. एवढ्यात फुप्फुसधमनीतला दाब महाधमनीच्या दाबाइतका, काहींत त्याहून वर गेला. फोरामेन ओव्हेल आणि डक्टसमधून रक्त उलटं वाहू लागलं. धमन्यांचं बाहेरचं वेष्टन, ज्याकडे तोवर कुणी फारसं पाहत नव्हतं, पेशी वाढून आणि तंतू साठून कितीतरी जाड झालं होतं. मग शुद्ध ऑक्सिजन दिला तर दाब उतरला, पण सामान्यापर्यंत आला नाही. पहिल्या तासांत फक्त आवळ असतो आणि तो सुटू शकतो. आठवडे गेले की भिंतीची बांधणीच बदललेली असते. जन्मल्यावर ज्या दिवसांत भिंत पातळ व्हायची, त्याच दिवसांत तिला जाड होण्याचा निरोप मिळतो. प्रौढ जनावरांतही असे बदल होतात, पण इतक्या थोड्या दिवसांत इतके नाहीत.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लामा या उंटाच्या कुळातल्या प्राण्याची गोष्ट याच्या उलट आहे. चिलीतल्या पुत्रे या सुमारे ३,६०० मीटरवरच्या ठिकाणी जन्मलेल्या कोकरांच्या फुप्फुसधमनीतला दाब चढलेला असतो, लामाच्या पिल्लांचा नसतो. चिलीतल्या संशोधकांच्या अभ्यासात दिसलं की लामाच्या पिल्लांच्या फुप्फुसात कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतं. हा वायू आपल्याला विष म्हणून माहीत, पण अगदी थोड्या प्रमाणात शरीर तो स्वतः बनवतं आणि तो धमनी सैल करतो. लाखो वर्षं उंचावर राहिलेल्या प्राण्याने दुसरी किल्ली शोधली, असं म्हणता येईल.

आपल्याकडचं उदाहरण लडाखचं. इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी तिथे याक, गाय आणि त्यांच्या संकरांत फुप्फुसधमनीतला दाब मोजला आणि तो अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. याकच्या फुप्फुसाच्या धमन्या पातळ भिंतीच्या, दाब कमी. याक-गाय संकरातही ही देणगी बऱ्याच अंशी उतरलेली दिसली. लेहची उंची ३,५०० मीटर. तिथे सपाटीवरच्या जातीची गाय नेऊन दूध काढायचं ठरवलं की वासराच्या फुप्फुसाचा विचार आधी करावा लागतो. महाराष्ट्राचं पठार ५००-६०० मीटरचं असल्याने इथे उंचीचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे नवजाताचा प्राणवायू कमी होतो तो अडलेल्या विण्यामुळे, दिवस भरण्याआधीच्या जन्मामुळे, नाकातोंडातल्या चिकटामुळे, निमोनियामुळे. लहान चणीच्या कालवडीला मोठ्या चणीच्या होल्स्टीन वळूचं रेतन दिलं की ही वासरं वाट्याला येतात. तो निर्णय नऊ महिने आधी घेतलेला असतो आणि त्यावर पहाटे तीन वाजता माझ्याकडे औषध नसतं. (कोंबडीवाल्यांनाही हा विषय नवा नाही. थंडीत ब्रॉयलरच्या पोटात पाणी होतं त्याच्या मुळाशी फुप्फुसधमनीतला चढलेला दाबच असतो.)

आता हाताने करायच्या गोष्टी. पहिली फुगवण्याची. नाक-तोंड साफ करा आणि वासरू लगेच छातीवर बसतं करा, पुढचे पाय पुढे, मागचे दोन्ही बाजूंना. तसं बसलं की दोन्ही फुप्फुसं फुगतात. मागचे पाय धरून उलटं टांगण्याची पद्धत आपल्याकडे खोल रुजली आहे. तोंडातून पाणी गळतं म्हणून लोकांना बरं वाटतं. त्यातलं बरंचसं पोटातलं असतं, आणि आतड्यांचं ओझं छाती-पोटामधल्या पडद्यावर येऊन श्वास अडतो. चिकट काढायला काही सेकंद टांगायला माझी हरकत नाही, मिनिटभर टांगायला आहे. सुदृढ वासरू चार-पाच मिनिटांत आपणहून छातीवर बसतं. ओढून काढलेल्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंधरा मिनिटांनंतरही बसत नसेल तर ते वासरू गंभीर समजा आणि तिथून हलू नका.

नाकपुडीत काडी, कानात थंड पाण्याचा शिडकावा, कोरड्या गोणपाटाने जोरात चोळणं, हे सगळं श्वास खोल करण्यासाठी. श्वास खोल झाला की कार्बन डायऑक्साइड जातो. श्वास येतच नसेल तर मुखवटा आणि हाताने दाबायची पिशवी वापरा, श्वासनळीत नळी घालता येत असेल तर उत्तमच. डॉक्साप्राम श्वास जागा करतं, पण प्राणवायूची गरजही वाढवतं. रक्तात प्राणवायू नसताना वारंवार टोचू नये.

ऑक्सिजन नाकातल्या नळीने मिनिटाला साधारण ५ लिटर. त्याकडे फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारं औषध म्हणून पाहा. औषध म्हटलं की मात्रा आली. बफेलोमध्येच सत्यन लक्ष्मीनृसिंह यांच्या गटाने कोकरांत दाखवलं की रक्तातला प्राणवायूचा दाब ५०-६० मिमी पाऱ्याच्या वर गेल्यावर धमन्या आणखी फारशा सैल होत नाहीत. जन्मल्यावर थोडाच वेळ शुद्ध ऑक्सिजन दिलेल्या कोकरांच्या धमन्या नंतर अधिक आवळखोर झालेल्या आढळल्या. जास्त प्राणवायूतून तयार होणारे सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक रेणू नायट्रिक ऑक्साइडला संपवतात, हे त्यामागचं एक कारण. आपल्या गोठ्यात नळीने दिलेल्या ऑक्सिजनने एवढी पातळी क्वचितच गाठली जाते, म्हणून घाबरून हात आखडू नका. पण रंग सुधारला, वासरू बसलं, चोखू लागलं की नळी काढायला हरकत नाही.

सोडियम बायकार्बोनेटबद्दल दरवेळी विचारलं जातं. बायकार्बोनेट आम्लाला भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वासरू नीट श्वास घेत असेल तर तो बाहेर जातो आणि पीएच चढतो. श्वास मंद असेल तर तो रक्तातच साठतो आणि आपण एक आम्ल काढून दुसरं घातलेलं असतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी श्वास, मग बायकार्बोनेट, तेही सावकाश शिरेतून. मी फार कमी वेळा वापरतो. हवा आणि ऊब मिळालेलं वासरू बरीचशी आम्लता स्वतःच निस्तरतं.

ऊब हा भाग मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. ओलं वासरू थंडीत तपकिरी चरबी जाळून अंग तापवतं, त्यात प्राणवायू प्रचंड खर्च होतो. जो आधीच कमी आहे तोच शेकोटीत जातो. शिवाय थंडीने गुरांच्या फुप्फुसधमनीतला दाब स्वतंत्रपणेही चढतो, हे मोजलेलं आहे. वासरू कोरडं करणं, खाली कोरडं गवत, वर दिवा, वाऱ्याची दिशा बंद, हे सगळं फुप्फुसाच्या धमन्यांवरचेच उपचार आहेत. चीक लवकर पाजायचा तो प्रतिकारशक्तीसाठी, आणि या उष्णतेच्या इंधनासाठीही. गुदमरलेलं वासरू चोखायला मंद असतं आणि त्याच्या आतड्यातून चिकातली प्रतिपिंडं शोषली जाण्याबाबतही काळजी असते, म्हणून ते आपणहून पिईल याची वाट न पाहता बाटलीने पाजा. गिळता येत नसेल तर जठरनळीने द्या, पण छातीवर बसल्याशिवाय नाही.

श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देणं माणसाच्या बाळांत रुळलेलं आहे. १९९२ मध्ये त्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले, आणि त्याची पायाभरणी कोकरांवरच्या प्रयोगांनी केली होती. घोड्याच्या नवजात शिंगरांत त्यावर अभ्यास झाले आहेत. सिल्डेनाफिल त्याच वाटेवर पुढे, सायक्लिक जीएमपी टिकवून, काम करतं आणि शिंगरांत वापरलं गेलं आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या गाईच्या वासरासाठी नायट्रिक ऑक्साइडचं यंत्र कुणी आणणार नाही. सिल्डेनाफिल मिळतं, पण ते शरीरातल्या बाकीच्या धमन्याही सैल करतं. महाधमनीतला दाब पडला की डक्टसमधून उलटं वाहणं वाढतं. दाब मोजायची सोय नसताना ते देणं मला धोक्याचं वाटतं.

तुमच्या वासराबाबत पुढच्या वेळी काय करायचं ते एवढंच सांगेन: जीभ गुलाबी झाल्यावर निघू नका. पहिला तास दर दहा मिनिटांनी श्वास मोजा, जीभ बघा, गुदद्वारात तापमापी लावा. श्वास मंदावतोय असं दिसलं, रंग बदलायच्या आधीच, तर कूस बदला, पुन्हा चोळा, पिशवीने श्वास द्या. रंग बदलेपर्यंत थांबलात तर तोवर डक्टस उघडलेली असते.